दोनशे पावलं

आपल्या ग्रुपवर बहुतेक जुन्या बेळगावच्या आठवणी येतात. ही तेवढी जुनी नाही, गेल्या डिसेंबरातली आहे. माझ्या मुलीने माणशी २,५०० रुपये भरून मला जंगलात दोनशे पावलं चालायला नेलं. आकडा अंदाजे नाही, मोजलेला आहे. बँकेत ३६ वर्षं काढलेल्या माणसाची ही खोड जात नाही.

मुलगी बेंगळुरूला, सॉफ्टवेअरमध्ये. दिवाळीला आली ती परत जायचं नाव काढीना. लॅपटॉप उघडायची, नुसती बघत बसायची, बंद करायची. रात्री दोन-दोन वाजता स्वयंपाकघरात दिवा. विचारलं तर म्हणाली, "बाबा, बर्नआउट झालाय मला." मी हसून म्हटलं, "फ्यूज बल्बचा जातो, माणसाचा नाही. कामं काय आम्ही केली नाहीत?" ती गप्प झाली. ही मात्र माझ्यावर दोन दिवस धुसफुसत होती.

मग तिच्या गोव्यातल्या मैत्रिणीने हे फॉरेस्ट थेरपीचं कळवलं. मी गेलो तो थेरपीसाठी नव्हे. अशा अवस्थेत पोरीला चोर्ला घाटात एकटीला गाडी चालवू द्यायची नव्हती, एवढंच. जांबोटी मागे पडेपर्यंत गाडीत कुणी बोललं नाही. पुढे कणकुंबीला माउलीचं दर्शन घेतलं, शेजारी मलप्रभेचा उगम पाहिला, आणि तिथून तिने मला हे प्रकरण काय ते सांगितलं. १९८२ साली जपानच्या वनखात्याने 'शिनरिन-योकू' असा शब्द काढला, म्हणजे वनस्नान. कारखान्यात आणि ऑफिसांत पिचलेल्या लोकांनी जंगलात यावं, नुसतं असावं, आणि जंगलंही त्या निमित्ताने राखली जावीत, असा हिशेब. पुढे टोकियोतल्या डॉ. चिंग ली यांच्यासारख्यांनी त्यावर संशोधन केलं. झाडं हवेत जी सुगंधी द्रव्यं सोडतात, त्यांना फायटोनसाइड म्हणतात, त्यांचा परिणाम तपासला. जंगलात फिरून आल्यावर रक्तदाब आणि ताणाचं हार्मोन उतरलेलं आढळलं. दक्षिण कोरियात तर या कामाचे सरकारमान्य प्रशिक्षक असतात. आपल्याकडेही उत्तराखंडच्या वनखात्याने २०२१ साली राणीखेतला असं केंद्र उघडलंय. मी म्हटलं, आमच्या खानापूरकडच्या माणसांनी मग जन्मभर स्नानच केलं म्हणायचं.

आम्ही नऊ जण. वाट दाखवणारी मुलगी सत्तरीतली, तिशीची असेल. फोन पिशवीत ठेवायला लावले. म्हणाली, आज कुठे पोचायचं नाही. झाडांची नावं ओळखायची नाहीत. मी एक सांगेन, पटलं तर करा, नाही तर नका करू. पहिलं काय, तर हळू चाला आणि काय काय हलतंय ते बघा.

काय हलणार? मला आधी काही दिसेना. जांभळाची फांदी. मुंग्यांची रांग. कोळ्याचा एक धागा, उन्हात आला की दिसायचा नि सावलीत गेला की नाहीसा. आम्ही असे डोळे लावून उभे असताना डोक्यावर लाकडाचा भारा घेतलेली एक बाई आली, थांबली आणि मला म्हणाली, "काय हुडकूलालासा?" नऊ शिकलेल्या माणसांत एकालाही उत्तर देता आलं नाही. ती हसत निघून गेली. चाळीस मिनिटं झाली होती, पावलं दोनशे.

त्यानंतर मोजणं कधी सुटलं ते कळलं नाही. प्रत्येकाला एकेक जागा धरून वीस मिनिटं बसायला सांगितलं होतं. मी एका ऐनाला टेकून बसलो. त्याची साल मगरीच्या पाठीसारखी, भेगाळलेली. वर शेकरू होतं. ते माझ्याकडे बघत होतं की नाही देव जाणे.

शेवटी गवती चहा. सगळे गोल बसलो. एक गुळगुळीत दगड हातोहात फिरवायचा, ज्याच्या हातात तो बोलेल, बाकीच्यांनी ऐकायचं. मध्ये बोलायचं नाही, सल्ला द्यायचा नाही. सगळे इंग्रजीत बोलत होते. दगड मुलीकडे आला आणि ती एकदम मराठीत बोलली. "ऑफिसच्या पार्किंगमध्ये मी रोज गाडीत बसून राहते. वीस वीस मिनिटं. दार उघडवत नाही. दीड वर्ष झालं." पुढचा दगड माझ्या हातात आला.

१९८७. मी एका तालुक्याच्या शाखेत ऑफिसर. सेव्हिंग्जचं बॅलन्सिंग सहा महिन्यांचं तुंबलेलं, फरक सापडत नव्हता, वर इन्स्पेक्शन डोक्यावर. दुपारी रेकॉर्डरूममध्ये जायचो, आतून कडी लावायचो आणि जुन्या व्हाउचरांच्या गठ्ठ्यांवर बसून राहायचो. पंधरा मिनिटं, वीस मिनिटं. डॉक्टरांनी बी-कॉम्प्लेक्स दिलं. हिलाही मी कधी बोललो नव्हतो. तो फरक पुढे सापडला. पण कडी लावायची सवय बदली होईपर्यंत टिकली.

हे सगळं मी त्या अनोळखी माणसांत सांगितलं. मुलीने मान वर केली नाही, पण माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. नियमात ते बसत होतं की नाही, ठाऊक नाही.

उगाच कौतुक नको म्हणून सांगतो. जंगलाने ती बरी झाली नाही. त्या वाटाड्या मुलीनेही निरोप घेताना तिला बजावलं की हा उपचार नव्हे, डॉक्टरांना भेटच. ती भेटली. गोळ्या चालू आहेत, तीन महिन्यांची रजा घेतली आणि परत गेली ती दुसऱ्या टीममध्ये. आणि अडीच हजार मला अजूनही जास्तच वाटतात. पण घरात तिच्या-माझ्या बोलण्यात मी लगेच उपाय सुचवायचो, ती लगेच गप्प व्हायची. मध्ये बोलू नका असं सांगणारं कुणीतरी तिसरं माणूस आम्हाला लागत होतं, हे मात्र खरं.

आता सकाळी व्हॅक्सिन डेपोत आमचा जुना कंपू पाच फेऱ्या मारतो. मी तीन मारतो आणि एका झाडाखाली बसतो. येता-जाता मित्र विचारतात, "काय हो, गुडघा?" मी हो म्हणतो. सुटीला मुलगी आली की तीही येऊन बसते.