कोऱ्या पडद्यापुढे

नीरेच्या काठी वसलेल्या निरवांगीसारख्या गावात, जिथे दिवेलागण झाली की माणसांच्या बोलण्यापेक्षा उसाच्या पात्यांची सळसळ आणि पाण्याच्या मोटारींची घरघर अधिक ऐकू येते, तिथे राहणाऱ्या एका सेवानिवृत्त कारकुनाला लेखनासाठी आणखी निवांतपणा कशाला हवा, असा प्रश्न माझ्या पुतण्याने मला विचारला नाही, हा त्याचा चांगुलपणाच म्हणायचा. दिवाळीच्या सुट्टीत आला असता माझ्या संगणकावर एकाच वेळी उघडलेले बाजारभाव, हवामान, दोन वर्तमानपत्रे आणि कुणाच्या तरी लग्नाची छायाचित्रे त्याने पाहिली, आणि या गर्दीच्या तळाशी माझा अर्धवट लेख गुदमरत पडला आहे हे ध्यानी येताच ‘फोकसरायटर’ नावाची एक मोफत प्रणाली त्याने बसवून दिली. “काका, आता इथे फक्त कागद आहे,” एवढे बोलून तो चहा प्यायला गेला.

या जातीच्या प्रणालींचा बोलबाला सुरू झाला तो 2006 च्या सुमारास मॅकिंटॉश यंत्रांसाठी निघालेल्या ‘राइटरूम’पासून. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरे, आणि त्यांखेरीज दृष्टीस काहीही नाही! माझ्या प्रणालीतही बटणांची सारी पलटण पडद्याच्या कडेआड दडून असते, आणि माऊस कडेपाशी नेल्याखेरीज ती हजेरी देत नाही.

एकाग्रतेचा एवढा चोख बंदोबस्त झाल्यावर पहिल्या दिवशी मी काय केले असेल, तर कागदाचा रंग निवडला. पांढरा डोळ्यांना खुपतो, काळ्यावर अमावास्या वाटते, पिवळसर बरा पण तो जुन्या सातबाऱ्याची आठवण करून देतो, अशा खलात एक सायंकाळ गेली. दुसरी गेली ती टंकलेखन यंत्राचा आवाज चालू ठेवावा की बंद करावा या विवंचनेत. तो आवाज प्रत्येक कळेला होतो, आणि इन्स्क्रिप्ट कळफलकावर ‘स्त्र’ हे एकच अक्षर उमटवायला अनेक कळा दाबाव्या लागत असल्यामुळे ‘शास्त्र’ लिहिताना तालुक्याच्या कचेरीतला जुना टंकलेखकच शेजारी येऊन बसल्याचा भास होई. रोजच्या शब्दांचा इष्टांक ठरवून देण्याचीही सोय आहे. पण ‘गावाबाहेरच्या ओढ्यापलीकडून’ हे मराठीत दोनच शब्द भरतात, आणि इंग्रजीत लिहिणाऱ्याच्या खात्यावर तेवढ्याच मजकुरापोटी सात शब्द जमा होतात. हा हिशेब कोणत्याही दफ्तरात मंजूर होऊ नये.

याच कुळातल्या काही प्रणाली आणखी एक पाऊल पुढे जातात. आपण लिहीत असलेले वाक्य तेवढे ठळक ठेवून मागचा-पुढचा सारा मजकूर त्या अंधुक करून टाकतात, म्हणजे लेखकाने मागे वळून पाहू नये. युक्ती नामी आहे, परंतु ती चालते पूर्णविरामाच्या भरवशावर. आणि पूर्णविराम मराठीत रुळला तो एकोणिसाव्या शतकात, मेजर कँडीसारख्यांच्या खटपटीमुळे. त्याआधीच्या मोडी कागदावर ना विरामचिन्हे, ना शब्दाशब्दांत अंतर. पेशवाईतला एखादा खलिता या प्रणालीत घातला तर ‘श्री’पासून अखेरीच्या शिक्क्यापर्यंत सारा एकच वाक्य ठरून आरपार उजळलेला राहील. माझ्या वाक्यांची गतही याहून फारशी निराळी होणार नाही, हे एव्हाना वाचकांच्या लक्षात आलेच असेल.

त्या खलित्यांच्या लेखकांचा मला राहून राहून विचार येतो. फडातल्या बैठकीवर, फिर्यादी, जासूद आणि हुजरे यांच्या वर्दळीत, मांडीवर कागद घेऊन बसलेला चिटणीस आधी पानभर आडव्या रेषा ओढून घेई आणि मग त्या रेषांना अक्षरे टांगत जाई. बोरू शक्यतो उचलायचा नाही आणि ऱ्हस्वदीर्घापाशी अडायचे नाही, हा त्या लिपीचाच कायदा. भोवतालचा गलबला थांबवण्याचा हुकूम त्याने कुणाला सोडला नाही, कारण जो काही बंदोबस्त करायचा तो त्याच्या हाताने आणि लिपीने आपल्यापुरता करून ठेवला होता.

पतंजलींनी योगसूत्रांत चित्ताचे विक्षेप नऊ मोजले आहेत. त्यांत व्याधी आहे, संशय आहे, आलस्य आहे, विषयांची ओढ आहे, मिळवलेल्या भूमिकेवर न ठरणे आहे. पण शेजाऱ्याचा ध्वनिक्षेपक, दाराशी आलेला पाहुणा किंवा समोरचे रंगीत चित्र यांतले त्या यादीत काहीच नाही. आमच्या प्रणालीने हद्दपार केले ते नेमके पतंजलींनी जमेस न धरलेले, आणि ते नऊ कोऱ्या पडद्यासमोर माझ्या मांडीला मांडी लावून बसलेलेच राहिले. उलट बाहेरची गर्दी हटल्यामुळे त्यांना जागा ऐसपैस झाली. लोकमान्यांनी मंडालेच्या तुरुंगात 1910-11 च्या हिवाळ्यात ‘गीतारहस्य’ पेन्सिलीने लिहून काढले, त्याचा दाखला देऊन एकांतवासाच्या महिम्याविषयी बोलणाऱ्यांना मी एवढेच विचारीन की, त्या काळी तुरुंगांत बंदिवान पुष्कळ होते. मग ग्रंथ इतके थोडे का?

तरीही पुतण्याची ही देणगी मी काढून टाकलेली नाही. कागद शेवटी पिवळसरच ठेवला आहे, आवाज बंद आहे, आणि हा लेखही तिच्यातच लिहिला. लिहिताना तीनदा उठलो: एकदा रात्रपाळीची वीज आली म्हणून मोटार चालू करायला, आणि दोनदा उगीचच.