आग तंबूबाहेर

"हीटर लावूनच झोपायचं असेल तर घरी काय वाईट होतं?" हे वाक्य मी अनेक वर्षं, अनेकांना ऐकवलं. डोंगरात जायचं तर थंडी सोसायची, असं माझं ठाम मत होतं. त्या मताचा मला अभिमानही होता. आज ते मत माझं राहिलेलं नाही. एका डिझेल हीटरनं ते बदललं, आणि बदलताना माझ्या हातून झालेली एक जुनी चूकही समोर आणून ठेवली. दोन्हींबद्दल लिहायला हवं.

मी घडलो सह्याद्रीत. डिसेंबरात हरिश्चंद्रगडाच्या किंवा रतनगडाच्या गुहेत मुक्काम असायचा. अंगावर दोन स्वेटर, एक चादर, आणि मधोमध शेकोटी. पोट शेकून निघायचं, पाठ गारठलेली असायची. रात्रभर कूस बदलत राहायचं, पहाटे राख उकरून निखारा शोधायचा आणि त्यावर चहाचं आधण ठेवायचं. आग म्हणजे सोबत, हे मनात तेव्हाच पक्कं बसलं. गुहेचं तोंड सताड उघडं असतं आणि त्यातून वाहणारा वाराच आपल्याला सांभाळत असतो, हे मात्र कधी मनातही आलं नाही.

पुढे आम्ही हिमालयात जाऊ लागलो. बारा-तेरा वर्षांपूर्वीच्या एका डिसेंबरात केदारकांठ्याला गेलो होतो. सांक्रीहून चढून जुडा का तालाबपाशी, साधारण नऊ हजार फुटांवर, तंबू लावले. बर्फ पडलेलं होतं. आमच्या तंबूत आम्ही चौघं आणि ग्रुपचा लीडर मी. रात्री थंडी इतकी वाढली की स्वयंपाकाच्या चुलीतले निखारे पत्र्याच्या डब्यात भरून मी तंबूत आणले. सांक्रीचा आमचा स्वयंपाकी म्हणाला होता, डबा आत नेऊ नका, आणि नेलाच तर दार उघडं ठेवा. मी निखारे नीट पाहिले. धूर पूर्ण गेला होता, लालबुंद रसरसलेले होते. धूर नाही म्हणजे धोका नाही, असं मला वाटलं. वारा आत येत होता म्हणून मी दाराची चेन ओढून घेतली. खाली चार बोटांची फट राहिली, तिच्याशी मी झोपलो. डबा पलीकडच्या कोपऱ्यात, माझ्या सर्वांत जवळच्या मित्राच्या उशाशी होता.

पहाटे तो उठला तो डोकं धरूनच. बाहेर जाईपर्यंत त्याचे पाय लटपटत होते. बर्फावर दोनदा उलटी झाली. बाकीच्या दोघांचंही डोकं ठणकत होतं. माझं जरासं जड होतं, इतकंच. रात्री मी दोनदा बाहेर जाऊन आलो होतो. मी लगेच निदान केलं: उंची लागली. उंची लागली की उतरवायचं, हा नियम मला पाठ होता. एका पोर्टरबरोबर त्याला सांक्रीला पाठवलं. दुपारपर्यंत तो ठणठणीत झाला, त्यामुळे माझं निदान सगळ्यांनाच पटलं. परतीच्या प्रवासात मी त्याला सगळ्यांसमोर म्हणालो, "तुझं शरीर हिमालयाचं नाही रे. तू आपला सह्याद्रीच कर." तो हसला. त्यानंतर तो हिमालयात कधीच आला नाही.

काही वर्षांनी नोकरीनिमित्त मी कॅनडात, कॅलगरीला आलो. इथली थंडी वेगळ्याच मापाची. तरी माझा हट्ट तोच. चांगली स्लीपिंग बॅग, चांगली मॅट, बाकी सगळं सोसायचं. माझ्या या हट्टापायी बायकोनं ऑक्टोबरनंतर तंबूत यायचंच सोडलं होतं, हे मी कधी मनावर घेतलं नाही.

मग आई साताऱ्याहून आली. वय अडुसष्ट, गुडघे दुखरे. लहानपणी गच्चीवर झोपून मला नक्षत्रं शिकवणारी तीच. जॅस्पर नॅशनल पार्कला २०११ पासून काळोख्या आकाशाचं राखीव क्षेत्र म्हणून मान्यता आहे, हे तिला कुणीतरी सांगितलं होतं. "मला ते आकाश दाखव," एवढंच ती म्हणाली. मी म्हणालो, "आई, हॉटेलात राहू, रात्री बाहेर येऊन बघू." ती म्हणाली, "खिडकीतून आणि दारातून आयुष्यभर बघितलंय."

बायकोनं वाद घातला नाही. तिनं सरळ एक पोर्टेबल डिझेल हीटर आणला. मोठ्या टूलबॉक्सएवढा पेटारा, आत पाच लिटरची टाकी, बरोबर बारा व्होल्टची बॅटरी. मला राग आला. डिझेल जाळणारं यंत्र आणि तेही आई झोपणार त्या तंबूला जोडायचं? "यात धोका आहे," मी म्हणालो. "मग आधी वाचून तरी बघ," ती म्हणाली.

म्हणून मी वाचायला बसलो, खरं तर दोष शोधायलाच. ट्रकचालकांना इंजिन बंद ठेवून रात्र काढता यावी म्हणून हे हीटर रुळले. या धंद्यातल्या वेबास्टो आणि एबरश्पेखर या दोन्ही मोठ्या कंपन्यांचं मूळ जर्मनीतल्या एसलिंगन या एकाच गावात आहे. आता चिनी बनावटीचे स्वस्त हीटर सगळीकडे मिळतात. पण मला थांबवलं ते त्याच्या रचनेनं. त्यात हवेचे दोन प्रवाह असतात आणि ते एकमेकांना कुठेही भेटत नाहीत. जळण्यासाठी लागणारी हवा एका नळीतून बंद कप्प्यात येते. तिथे ग्लो प्लग डिझेल पेटवतो आणि धूर दुसऱ्या नळीतून बाहेर जातो. तो कप्पा धातूच्या पात्यांनी वेढलेला असतो. पंखा त्या तापलेल्या पात्यांवरून स्वच्छ हवा फिरवतो आणि फक्त ती हवा जाड नळीतून तंबूत येते. अख्खा पेटारा तंबूबाहेर ठेवता येतो. आग बाहेर, धूर बाहेर, आत केवळ ऊब.

तंबूत पेटवायच्या गॅसच्या शेगडीशी मी त्याची तुलना केली. एक किलो प्रोपेन जळला की सुमारे १.६ किलो पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. ते तंबूच्या कापडावर जमतं, ठिबकतं, स्लीपिंग बॅगा ओल्या करतं. शिवाय शेगडी आपल्याच श्वासातला ऑक्सिजन वापरते. डिझेल हीटरची हवा कोरडी असते. माझा विरोध डळमळायला लागला होता.

हीटरबरोबर बायकोनं कार्बन मोनॉक्साइडचा अलार्मही आणला होता. त्याची छोटी पुस्तिका शेवटी हातात घेतली. त्यात लक्षणं दिली होती: डोकेदुखी, मळमळ, उलटी, चक्कर, पायांतलं बळ जाणं. एकाच जागी झोपलेल्या अनेकांना एकदम त्रास होणं. मोकळ्या हवेत गेल्यावर काही तासांत बरं वाटणं.

मी ती पुस्तिका हातात धरून बसून राहिलो. केदारकांठ्याची ती पहाट ओळीनं लिहून काढावी तशी तिथे छापलेली होती.

या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटीनं घट्ट धरून ठेवतं. धूर सरलेले लाल निखारे तो भरपूर सोडतात आणि उंचीवरच्या विरळ हवेत शरीराकडे राखीव ऑक्सिजन आधीच कमी असतो. मोकळ्या हवेत आल्यावर रक्तातला निम्मा वायू बाहेर पडायला चार-पाच तास लागतात. माझा मित्र दुपारी बरा झाला त्याचं श्रेय मी उतरण्याला दिलं होतं. तो बरा झाला कारण मी आणलेल्या डब्यापासून तो लांब गेला. आणि मी धडधाकट राहिलो तो दाराच्या फटीमुळे. अनेक वर्षं मी त्याला माझा कणखरपणा समजत होतो.

त्या रात्री मी बराच वेळ जागा होतो. अमेरिकन ध्रुवसंशोधक रिचर्ड बर्ड यांची हकीकत मी पूर्वी वाचली होती, ती पुन्हा काढली. १९३४ च्या अंटार्क्टिक हिवाळ्यात ते हवामानाच्या नोंदी घेण्यासाठी बर्फात पुरलेल्या झोपडीत एकटे राहिले. स्टोव्हचं धुराडं नीट काम देत नव्हतं, रेडिओसाठी चालवायच्या जनरेटरचाही धूर कोंडायचा. या विषानं ते कोसळले. स्टोव्ह पेटवला तर विष, विझवला तर जीवघेणी थंडी, अशा कात्रीत त्यांनी कित्येक आठवडे काढले. ऑगस्टमध्ये तिघे जण त्यांच्यापर्यंत पोहोचले तेव्हा ते अगदी खंगलेले होते. पूर्वी मी ही कथा जिद्दीची म्हणून वाचली होती. आता मला तिच्यात फक्त ते धुराडं दिसत होतं.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही जॅस्परला गेलो. कॅलगरीपासून सुमारे चारशे किलोमीटर. हीटर मी स्वतः लावला. तंबूपासून हाताच्या अंतरावर, सपाट दगडावर. धुराची नळी वाऱ्याच्या दिशेनं आणि कापडापासून लांब, कारण ती चटका बसण्यापलीकडची तापते. हवा खेचणारं तोंड बरोबर विरुद्ध बाजूला. प्रत्येक सांध्याची पट्टी आवळून पाहिली. अलार्म आईच्या उशाशी. सुरू होताना ग्लो प्लगसाठी बॅटरीतून आठ-दहा अँपिअर जातात. एकदा पेट घेतला की एक-दोन अँपिअरवर भागतं. बाहेर उणे सहा, आत चौदा अंश. मंद ठेवला तर रात्रभरात दीड लिटरच्या आसपास डिझेल लागतं.

अकराच्या सुमारास आई शाल गुंडाळून बाहेर आली. मान वर करत करत तिनं ध्रुव शोधला. साताऱ्याला तो क्षितिजापासून जेमतेम अठरा अंशांवर असतो, जॅस्परला त्रेपन्न. "हा इतका वर कसा रे चढला?" ती म्हणाली. मग तिला उत्तरेला सप्तर्षी दिसले. आपल्याकडे या दिवसांत रात्रीच्या या वेळी ते क्षितिजाखाली असतात, इथे ते कधी मावळतच नाहीत. पूर्वेला कृत्तिकांचा पुंजका वर आला होता. ती दहा मिनिटं बघायची, तंबूत येऊन गुडघे शेकायची, पुन्हा बाहेर जायची. असं पहाटे दोनपर्यंत चाललं. ऊब नसती तर पहिल्या दहा मिनिटांतच तिचं आकाश संपलं असतं. थंडी सोसण्याला मी डोंगराची किंमत समजत होतो. ती किंमत ज्यांना परवडत नाही, त्यांना मी इतकी वर्षं बाहेर ठेवलं होतं. त्यांत माझी बायकोही होती.

माझं मत बदललं तरी काही शंका उरल्या आहेत, त्याही सांगतो. इंधनपंपाची टिकटिक रात्रीच्या शांततेत दूरवर ऐकू जाते. शेजारी कुणी असेल तर पेटारा त्यांच्यापासून लांब ठेवायला हवा, नाहीतर त्यांची रात्र आपण विकत घेतल्यासारखं होतं. पाठीवर नेण्याचं हे साधन नाही. गाडी जिथपर्यंत जाते तिथवरच त्याचा उपयोग. बंद करताना बॅटरीची वायर उपटून चालत नाही, पंखा काही मिनिटं फिरून आतला कप्पा गार व्हावा लागतो. वारा फिरला तर धूर पुन्हा आपल्याच हवेत येऊ शकतो, म्हणून अलार्म हवाच. स्पितीला हा हीटर न्यावा का, असं पुण्याहून कुणी विचारतं. तेव्हा मी सांगतो की काझासारख्या उंचीवर हवा समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशाहून कमी असते. डिझेल अर्धवट जळतं, काजळी धरते, म्हणून इंधनाचं प्रमाण उंचीप्रमाणे कमी करता येणारा हीटरच घ्या. साधं डिझेल कडाक्याच्या थंडीत गोठून दाट होतं, तेव्हा हिवाळी डिझेल लागतं. आणि स्लीपिंग बॅग अशी हवी की यंत्र बंद पडलं तरी रात्र निभावेल. एकदा पहाटे चारला आमची बॅटरी उतरली, तेव्हा त्या बॅगांनीच सांभाळलं.

जॅस्परहून परतताना मी आईला केदारकांठ्याचं सांगितलं. माझा मित्र आमच्या घरी कित्येकदा जेवलेला, तिला तो लेकासारखाच. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "त्याला सांगितलंस का?" मी नाही म्हणालो. "मग मला कशाला सांगतोस?"

तरीही फोन करायला मी तीन आठवडे घेतले. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हणजे आपण चौघंही गेलो असतो?" मी म्हणालो, "जाऊ शकलो असतो." पुन्हा शांतता. मी त्याची माफी मागितली, निखाऱ्यांसाठी आणि त्या वाक्यासाठीही. निखाऱ्यांचं त्याला फारसं वाटलं नाही. वाक्याचं वाटलं होतं. तो म्हणाला, "अरे, पोरीला कॉलेजच्या ट्रेकला जायचं होतं मागच्या वर्षी. मी नाही म्हणालो. आपल्या घरात कुणाला उंची सोसत नाही, असं सांगितलं तिला."

एका डब्यातल्या निखाऱ्यांवरून मी बोललेलं वाक्य त्याच्या मुलीपर्यंत पोहोचलं होतं.

गेल्या डिसेंबरात ती केदारकांठ्याला जाऊन आली. मी इथून तिच्यासाठी बॅटरीवर चालणारा छोटा अलार्म पाठवला होता. सांक्रीला परत येऊन रेंज मिळाल्याबरोबर तिनं वडिलांना एक फोटो पाठवला, तो त्यानं मला पाठवला. जुडा का तालाबच्या तंबूतला. दाराची चेन निम्मी उघडी, बाहेर बर्फ, आणि तिच्या तळहातावर तो अलार्म. पडद्यावर शून्य.