दस्तुरखुद्द

संग्रहाची आवड मनुष्यमात्रास उपजतच असते. कोणी पोस्टाचीं तिकिटें जमवितो, कोणी जुनीं नाणीं, तर कोणी समुद्रकांठचे शंखशिंपले. आमच्या शाळेंत वर्ष संपत आलें म्हणजे शेवटच्या इयत्तेंतील मुलें-मुली स्वाक्षऱ्यांच्या वह्या घेऊन शिक्षकांच्या खोलीच्या दाराशीं घुटमळूं लागतात. अशा वह्यांत मीं आजवर शेंकडों सह्या केल्या असतील. त्या करतांना एक विचार मनांत येतो, तो असा कीं, मनुष्य दूर गेल्यावर अथवा दिवंगत झाल्यावर त्याच्या नांवाचीं दोन-चार अक्षरें जपून ठेवण्यांत इतरांस काय बरें लाभत असेल? या जिज्ञासेपायीं अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या स्वाक्षऱ्या व त्यांचे संग्राहक यांविषयीं मीं कित्येक वर्षें मिळेल तें वाचीत आलों आहें. त्या वाचनाचें सार विद्यार्थिमित्रांपुढें ठेवावें म्हणून हा लेख.

त्या देशांतील या छंदाच्या आद्य उपासकांपैकीं एक विल्यम स्प्रेग नांवाचे पाळक होते. येल कॉलेजची पदवी घेतल्यावर १८१५ च्या सुमारास ते व्हर्जिनिया प्रांतीं जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या भाच्याच्या घरीं मुलांचे शिक्षक म्हणून राहिले. वॉशिंग्टन यांचे कागदपत्र त्या वेळीं त्यांचे पुतणे बुश्रॉड वॉशिंग्टन यांच्या ताब्यांत होते. त्यांनीं या तरुण शिक्षकास हवीं तीं पत्रें घेण्याची मुभा दिली. अट एवढीच कीं, नेलेल्या प्रत्येक पत्राची नक्कल मागें ठेवावी. स्प्रेग यांनीं सुमारें १५०० पत्रें नेलीं व तितक्या नकला लिहून ठेवल्या. पुढें १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सह्या करणाऱ्या सर्व ५६ पुरुषांचीं हस्ताक्षरें एकत्र करणारे पहिले संग्राहक म्हणून त्यांची ख्याति झाली. आज कोणी इतिहासप्रेमी मूळ पत्रें असा दप्तरांतून हलवूं देणार नाहीं, हें खरें. तथापि पंधराशें पत्रें स्वतःच्या हातानें उतरून काढणाऱ्या त्या तरुणास त्यांतील मजकूर किती परिचित झाला असेल, याचा विचार केला म्हणजे त्याच्या लोभांतहि विद्याभ्यास होता असें वाटतें.

बाजारांत मात्र मजकुरापेक्षां दुर्मिळतेला मोल अधिक. त्या ५६ जणांत जॉर्जिया प्रांताचे बटन ग्विनेट म्हणून एक गृहस्थ होते. सही केल्यानंतर वर्ष भरण्यापूर्वींच, १७७७ सालीं, ते द्वंद्वयुद्धांत जखमी होऊन मृत्यु पावले. त्यांच्या अगदीं थोड्या सह्या उरल्या असल्यामुळें थोर विद्वान् फ्रँकलिन यांच्या सहीपेक्षां त्यांच्या सहीस कितीतरी अधिक किंमत पडते. विल्यम हेन्री हॅरिसन यांनीं १८४१ च्या मार्च महिन्यांत अध्यक्षपदाची शपथ घेतली, आणि एका महिन्यांतच त्यांचें देहावसान झालें; म्हणून अध्यक्ष या नात्यानें त्यांनीं सही केलेला कागद संग्राहकांस हिऱ्यासारखा वाटतो.

आपल्या जुन्या दप्तरांत ‘दस्तुरखुद्द’ असा एक सुंदर शब्द आढळतो. कारकुनानें लिहिलेलें निराळें, आणि धन्यानें स्वतःच्या हातानें लिहिलेलें निराळें, हा भेद तो दाखवितो. राष्ट्राध्यक्षांच्या कागदांची पारख करणाऱ्यासहि प्रथम हाच भेद शिकावा लागतो. अँड्र्यू जॅक्सन यांच्या कारकीर्दींत सरकारी जमिनींच्या सनदा इतक्या वाढल्या कीं, १८३३ च्या कायद्यानें अध्यक्षांच्या नांवाची सही चिटणिसानें करावी असें ठरलें. त्यानंतरच्या सनदांवर अध्यक्षांचें नांव असतें, पण हात त्यांचा नसतो. जेफर्सन यांनीं १८०४ पासून एक चमत्कारिक यंत्र वापरलें. त्यांत दोन लेखण्या एकमेकींस जोडलेल्या असून एक चालली कीं दुसरी तंतोतंत तसेंच लिही. परंतु तेथें निदान एका लेखणीवर त्यांचा हात असे. विसाव्या शतकांत असें यंत्र निघालें कीं, सहीचा सांचा एकदां त्यांत बसविला म्हणजे मालक गांवांत नसला तरी तें खऱ्या शाईनें व खऱ्या लेखणीनें सही करीत राहतें. केनेडी यांच्या कचेरींत या यंत्राचा इतका उपयोग झाला कीं, चार्ल्स हॅमिल्टन यांनीं १९६५ सालीं त्यावर एक स्वतंत्र पुस्तकच लिहिलें.

या यंत्राशीं माझा स्वतःचाहि थोडा संबंध आला. माझे वडील ज्या मिशनरी मिसबाईंजवळ शिकले, त्यांस केनेडी यांच्या नांवाचें एक छोटेंसें आभाराचें पत्र आलें होतें. स्वदेशीं परततांना बाईंनीं तें वडिलांस दिलें, व वडिलांमागें तें मजकडे आलें. कांहीं वर्षांपूर्वीं मुंबईचे एक हौशी गृहस्थ तें पाहावयास घरीं आले आणि त्यांनीं जी रक्कम बोलून दाखविली, तींत शाळेच्या ग्रंथसंग्रहासाठीं दोन उत्तम कपाटें सहज आलीं असतीं. त्या वेळीं आमचीं पुस्तकें वाळवीच्या तोंडीं पडत होतीं. परंतु मीं ती सही पातळ कागदावर उतरून हॅमिल्टन यांच्या पुस्तकांतील नमुन्यांवर ठेवून पाहिली होती. एका नमुन्याशीं ती रेघन् रेघ जुळली. मनुष्य दोनदां सारखी सही कधींच करीत नाहीं. यंत्र मात्र नेहमींच करतें. शिवाय रेषेची जाडी सर्वत्र एकसारखी होती, आणि आरंभीं व शेवटीं लेखणी थांबून टेकल्याच्या खुणा दिसत होत्या. मीं हें सर्व त्या गृहस्थांस सांगितलें.

ते हसून म्हणाले, “मास्तर, आपण हें कशाला बोलतां? कागद आपला, सही त्यांची. पुढचें मी पाहून घेईन.”

मीं म्हटलें, “सही त्यांची नाहीं, हेंच तर मी आपणांस सांगत आहें.”

त्यांनीं चहा घेतला व ते निघून गेले. कपाटें त्या वर्षीं झालीं नाहींत. पत्र अद्यापि मजजवळ आहे, आणि ही सही यंत्राची आहे असें लिहिलेली चिठ्ठी मीं त्यास जोडून ठेविली आहे, म्हणजे माझ्यामागें कोणाची दिशाभूल होणार नाहीं.

ही सावधगिरी व्यर्थ नव्हे. एकोणिसाव्या शतकांत फिलाडेल्फिया शहरीं रॉबर्ट स्प्रिंग नांवाचा एक ग्रंथविक्रेता वॉशिंग्टन यांच्या नांवाचे परवाने व हुंड्या घरींच तयार करून विकीत असे. प्रसिद्ध सेनापति जॅक्सन यांच्या एका काल्पनिक कन्येचें सोंग घेऊन, आपण विपन्नावस्थेंत घराण्याचे कागद विकीत आहों, अशीं पत्रेंहि तो परदेशीं धाडी. शेवटीं १८७६ सालीं तो दारिद्र्यांतच वारला. आमच्या काळीं बॅरी लँडाऊ यांनीं राष्ट्राध्यक्षांचे अभ्यासक म्हणून निरनिराळ्या ग्रंथालयांत प्रवेश मिळविला व तेथील ऐतिहासिक कागद चोरून आणले. २०११ सालीं ते पकडले गेले आणि २०१२ सालीं त्यांस सात वर्षांची शिक्षा झाली. छंदाचा लोभ झाला म्हणजे विद्येचें मंदिरहि लुटण्यास मनुष्य कचरत नाहीं.

आतां ज्या एका सहीचा विचार केल्यावांचून हा विषय पुरा होत नाहीं, तिच्याकडे वळतों. १८६३ च्या जानेवारीची पहिली तारीख होती. नववर्षाच्या भेटीस आलेल्या लोकांशीं अब्राहम लिंकन यांनीं कित्येक तास हस्तांदोलन केलें होतें. त्यानंतर बंडखोर संस्थानांतील गुलाम मुक्त झाल्याचा जाहीरनामा त्यांच्यापुढें सहीसाठीं ठेवण्यांत आला. हात थकून कांपत होता. या कागदावर सही करतांना माझा हात कांपला तर पुढील लोक म्हणतील कीं मीं कचरलों, अशा आशयाचे उद्गार काढून ते क्षणभर थांबले, आणि मग सावकाश, ठळकपणें त्यांनीं आपलें पूर्ण नांव लिहिलें. खासगी पत्रांवर ते नांवाचें केवळ आद्याक्षर घालीत. येथें नांव पुरें आहे.

पुढील वर्षीं, १८६४ त, आजारी व जखमी सैनिकांच्या साह्यार्थ या जाहीरनाम्याच्या ४८ छापील प्रतींवर त्यांनीं सह्या करून दिल्या. प्रत्येकीची किंमत दहा डॉलर होती. २०१० सालीं त्यांतील एक प्रत सदतीस लाख डॉलरांहून अधिक किंमतीस गेली. त्यांच्या स्वहस्तें लिहिलेला जाहीरनाम्याचा मसुदा मात्र १८७१ च्या शिकागोच्या आगींत भस्म झाला. कागद जळाला, परंतु त्यावर दिलेलें वचन जळालें नाहीं. १८६५ सालीं घटनेंत दुरुस्ती होऊन गुलामगिरी त्या देशांतून कायद्यानें उठली. त्या वचनाचा ध्वनि आमच्या पुण्यापर्यंतहि आला होता. मिशनच्या शाळेंत शिकलेल्या जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं आपलें ‘गुलामगिरी’ हें पुस्तक गुलामांस मुक्त करणाऱ्या अमेरिकेंतील लोकांसच अर्पण केलें. लिंकन यांच्या सहीचा कागद जोतीरावांनीं संग्रहीं ठेविला नव्हता. पण त्या सहीचा अर्थ त्यांच्याइतका फार थोड्यांनीं ओळखला असेल.

विद्यार्थिमित्रहो, सहीचें खरें मोल तिच्या वरच्या मजकुरांत असतें, असें मला वाटतें. कोऱ्या पानावरील सही ही नुसती ओळख होय. वचनाखालीं केलेली सही हा मनुष्याचा शब्द होय. तुमच्या वह्या अवश्य भरा, परंतु सही घेतांना एखादें वाक्यहि मागून घ्या, आणि खालीं तारीख व स्थळ घालण्यास सांगा. घरीं आजी-आजोबांचीं जुनीं पत्रें असतील तीं रद्दींत जाऊं देऊं नका. तीं कोणीं, कोणास, केव्हां लिहिलीं हें वडील मंडळींस विचारून निराळ्या चिठ्ठीवर टिपून ठेवा. आणि तुम्हांस स्वतः सही करण्याची वेळ येईल, तेव्हां वरचा मजकूर आधीं नीट वाचा. तो पटला तर पूर्ण नांव लिहा. न पटला तर लेखणी खालीं ठेवा.