डोस झाले, पुढे?

पनवेलच्या एका छोट्या नर्सिंग होममध्ये मी सिस्टर आहे. नवीन मुलगी कामाला लागली की पहिला प्रश्न ठरलेला, "हिपॅटायटिस बी चे डोस झाले?" ती "हो" म्हणते. विषय संपला!

खरं तर तो तिथे सुरू व्हायला हवा. सहा महिन्यांत तिन्ही डोस घेऊनही शंभरातल्या पाच-दहा जणांच्या अंगात पुरेशी प्रतिकारशक्ती तयारच होत नाही. वय, वजन, सिगारेट यांनी हे प्रमाण अजून वाढतं. कळणार कसं? शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी रक्ताची टायटर तपासणी करायची. आकडा १० किंवा जास्त आला की निर्धास्त. पुढे काही वर्षांनी तो उतरला तरी शरीर विषाणूला ओळखतं. कमी आला तर पुन्हा तीन डोस. तरीही नाही जमलं, तर सुई टोचल्यावर लगेच इम्युनोग्लोब्युलिनचं इंजेक्शन घ्यायचं. पण त्यासाठी आपला आकडा आधी माहीत हवा ना...

लस न घेतलेल्याला बाधित रुग्णाची सुई टोचली तर हिपॅटायटिस बी चा धोका ६ ते ३० टक्के, एचआयव्हीचा सुमारे ०.३ टक्के. घाबरतो मात्र आपण एचआयव्हीलाच!

आणि आमच्या मावशी? त्यांना विचारलं तर म्हणतात, "मी कुठे इंजेक्शन देते, सिस्टर?" पण कचऱ्याची पिशवी उचलतात त्याच. चुकून त्यात पडलेली सुई पद बघून टोचत नाही. वाळलेल्या रक्तातही हा विषाणू सात दिवस टिकतो. २०१८ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात आरोग्य कर्मचाऱ्यांचं लसीकरण आहे. मावशीही त्यातल्याच, असं मी तरी मानते.

तुमच्या घरचं कुणी दवाखान्यात कामाला असेल तर एवढंच विचारा, टायटर किती आलं?