प्रस्थान

दूरदेशी जाणाऱ्या मनुष्याचे प्रयाण नेमके कोणत्या घटकेस घडते, हा प्रश्न मला पूर्वी कधी पडला नव्हता. बोटीने धक्का सोडला की मनुष्य गेला, अशीच माझी सरळ समजूत होती. परंतु १९६३ च्या भाद्रपदात लीड्सच्या विद्यापीठात रंगरसायनाचा अभ्यास करण्यासाठी तीन वर्षांकरिता विलायतेस जाण्याचा योग आला, तेव्हा वाईच्या आमच्या घरात जे अखेरचे दिवस मी काढले, त्यांनी माझी अशी खात्री करून दिली की बोट, आगगाडी, एस. टी. ही सारी निमित्ते होत. माणूस घरातून जातो तो त्यांच्या कितीतरी आधी, आणि त्याची वर्दी त्याला स्वतःला बहुधा सर्वांत शेवटी पोचते.

माझे वडील, ज्यांना आम्ही नाना म्हणत असू, मामलेदार कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले होते, आणि ज्या गोष्टीचा दाखला नाही ती गोष्ट घडलीच नाही, अशी त्यांची उभ्या नोकरीने बनवलेली धारणा होती. पारपत्र हाती येताच त्यांनी त्याचे प्रत्येक पान उजेडाकडे धरून पाहिले. मग आयकराचा दाखला, रिझर्व्ह बँकेची मंजुरी, विद्यापीठाचे पत्र, देवी आणि पटकी टोचल्याची प्रमाणपत्रे अशी सारी चळत लाल कापडाच्या दप्तरात बांधून तिच्यावर स्वहस्ते अनुक्रमांक घातले. टोचणीच्या एका प्रमाणपत्रावर डॉक्टरांची सही होती, पण नियमाप्रमाणे लागणारा शिक्का उमटवायचा राहिला होता, असे त्यांच्या ध्यानात आले. आणि त्याच टोचणीने माझे अंग तापलेले असतानाही त्यांनी मला उलट पावली दवाखान्यात पिटाळले. परकीय चलनाची त्या काळी एवढी ओढाताण होती की, प्रवाशास हाती नेण्याची मुभा होती ती तीन पौंडांची, म्हणजे त्या वेळच्या भावाने चाळीस रुपयांची. "चाळीस रुपयांत सातारला जाऊन साधा दावा उभा राहत नाही," नाना म्हणाले, "आणि तू विलायत गाठणार." त्यांच्या स्वरात काळजी होती की सरकारच्या हिशेबीपणाविषयीचा आदर होता, हे मला त्या वेळीही कळले नाही.

या कागदांपैकी मला खरोखर अस्वस्थ केले ते कुलमुखत्यारपत्राने. माझ्या निपुत्रिक चुलत आजोबांनी माझ्या नावे ठेवलेला मेणवलीच्या वाटेवरचा हळदीचा तुकडा कूळकायद्यान्वये १ एप्रिल १९५७ पासून कुळाच्या मालकीचा झाला होता, आणि त्याच्या किमतीचे हप्ते वर्षाकाठी यायचे होते; ते उचलण्याचा अधिकार धाकट्या भावास देणे प्राप्त होते. नानांनी मसुदा रात्री कंदिलाशी बसून लिहिला, कारण त्या दिवशी वीज गेली होती, आणि मग तो मला, आईला आणि भावाला मोठ्याने वाचून दाखवला. लिहून देणार हे परदेशी वास्तव्य करून असल्याने त्यांस जातीने हजर राहता येत नाही, सबब त्यांचे तर्फे, त्यांचे वतीने, त्यांनी स्वतः केले असता जसे बंधनकारक झाले असते तसे, असे एकामागून एक ठसठशीत शब्द येत होते. आणि लिहून देणार तर त्यांच्यासमोर हातभर अंतरावर मांडी घालून बसला होता. भावाने कागद घेतला, माझी सही झाली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या मेजावर त्याची पुस्तके होती. त्याने ती हेतुपुरस्सर ठेवली होती असे मी म्हणणार नाही.

मुंबईहून अँकर कंपनीची लिव्हरपूलला जाणारी जी बोट मला मिळाली होती, तिचा दिवस नेमका पितृपक्षात येत होता. आईच्या दृष्टीने हे संकट पारपत्रापेक्षाही मोठे. कारण पारपत्राला कचेरी होती, पितृपक्षाला अपील नव्हते. आमच्या शेजारी एक वृद्ध वैदिक राहत. वाई हे धर्मशास्त्राच्या अध्ययनाचे गाव. प्राज्ञपाठशाळेत तर्कतीर्थांसारखे पंडित धर्मकोशाचे खंड सिद्ध करीत होते आणि रूढींची नव्याने चिकित्साही करीत होते. परंतु आमचे शेजारी जुन्या वळणाचे. समुद्रयान कलियुगात वर्ज्य आहे, हे त्यांनी मला आधी दहा मिनिटे समजावून सांगितले, आणि त्यानंतर त्याच वर्ज्य समुद्रयानासाठी सोलापूरच्या दाते पंचांगातून मुहूर्त काढण्यास अत्यंत प्रेमाने बसले. या दोहोंत काही विसंगती आहे असे त्यांना वाटले नाही, आणि आता विचार करता मलाही वाटत नाही. नियम सांगणे हे त्यांचे कर्तव्य होते, मुलगा सुखरूप जावा ही त्यांची इच्छा होती.

त्यांनी उपाय सांगितला तो प्रस्थान ठेवण्याचा. ज्यास सोयीच्या दिवशी मुहूर्त नाही, त्याने मुहूर्ताच्या दिवशी आपली एखादी वस्तू प्रवासाच्या दिशेला दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवावी; तेवढ्याने त्याचे जाणे झाले असे शास्त्र मानते, आणि देहाने त्याने मागाहून सवडीने निघावे. ब्राह्मणाने यज्ञोपवीत ठेवावे, क्षत्रियाने शस्त्र, वैश्याने मध. मात्र ही सवड बेमुदत नाही. राजाला दहा दिवस, सामंताला सात आणि इतरेजनांना पाच रात्री. ती मुदत टळली तर नवा मुहूर्त पाहणे आले. हे ऐकून सर्वांत प्रसन्न झाले ते नाना. धर्मशास्त्र ही वस्तू आईच्या खात्यातली असे समजून आजवर ते तिच्यापासून दूर राहिले होते. पण येथे श्रेणीनुसार ठरलेली मुदत होती, मुदतवाढीचा नियम होता, आणि मनुष्याच्या जागी त्याचा ऐवज हजर धरण्याची तरतूद होती. "म्हणजे रुजू तिकडे आणि मुक्काम इकडे," ते म्हणाले. "आमच्या खात्यात असे करणाऱ्यावर ठपका येत असे."

गौरीगणपतींचे विसर्जन झालेले होते. भाद्रपद शुद्ध त्रयोदशीस सकाळी देवांपुढे नारळ ठेवून, औक्षण करवून घेऊन, मूठभर तांदूळ, सुपारी, हळकुंड, एक रुपया आणि नवे जानवे बांधलेले पुरचुंडे मी त्या वैदिकांच्या देवघरात ठेवून आलो, आणि परतून घरात पाऊल टाकले तेव्हा शास्त्रतः मी घरातून गेलेला होतो.

ही गोष्ट मी थट्टेवारी नेली असती, जर घराने ती इतकी मनावर घेतली नसती. त्या दुपारी माझे पान माझ्या नेहमीच्या जागी, खांबाशी, मांडलेले नव्हते. पाहुण्यासाठी मांडतात तसा चांदीच्या फुलांचा पाट, रांगोळी आणि उदबत्ती. आडाचे पाणी ओढायला उठलो तर आई म्हणाली, "तू राहू दे रे, आता कशाला." त्या 'आता'ने मला फार दुखावले. ज्या घरात मी अनेकदा बोलणी खाल्ली होती, त्या घरात मला कोणी रागावेना. गावातही तोच प्रकार. कृष्णा भरून वाहत होती, गणपती घाटाच्या बऱ्याच पायऱ्या पाण्याखाली होत्या, आणि ढोल्या गणपतीच्या दर्शनास जाताना ज्या ज्या परिचितांचा निरोप मी आधीच्या आठवड्यात घेतला होता ते सारे पुन्हा भेटत. पहिल्या निरोपात त्यांनी माझ्यासाठी डोळ्यांत पाणी आणलेले. दुसऱ्या भेटीत त्यांच्या चेहऱ्यावर किंचित फसवले गेल्याची छटा दिसे. "अजून इथेच?" हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला की, शेवटी मी मधल्या आळीची वाट टाळून मागच्या बोळाने जाऊ लागलो.

मला सोन्याची अंगठी घालून पाठवावे, अडीअडचणीला उपयोगी पडेल, अशी आईची इच्छा होती. पण त्या वर्षीच्या जानेवारीत आलेल्या सुवर्णनियंत्रणाने चौदा कॅरटांहून चोख सोन्याचा नवा दागिना घडवण्यास बंदी केली होती, आणि चौदा कॅरटांच्या सोन्याला आई सोने म्हणायला तयार नव्हती. ऑगस्टच्या अखेरीस कामराज योजनेखाली मोरारजीभाईंनीच अर्थमंत्रिपद सोडल्याचे मी तिला वाचून दाखवले, तेव्हा तिने इतकेच विचारले, "मग आता घडवून मिळेल का?" शेवटी तिने आजोबांची जुनी अंगठी माझ्या बोटात घातली, ती करंगळीतच गेली. नानांनी तिचे वजन टिपून ठेवले व जकातीत नोंद करून घ्यावी असे बजावले.

सामान बांधण्याचे काम आईने आणि माझ्या पत्नीने घेतले. बोटीच्या कंपनीने दोन प्रकारच्या चिठ्ठ्या पाठवल्या होत्या: प्रवासात लागणारे सामान खोलीत, आणि न लागणारे बोटीच्या पोटातल्या वखारीत. मेतकूट, भाजणी, गोडा मसाला, लिंबाचे लोणचे आणि डिंकाचे लाडू यांची वाटणी या दोन चिठ्ठ्यांत करावयाची होती, आणि आईच्या मते यांतली एकही वस्तू न लागणारी नव्हती. लोकरीचा जो सूट पुण्याहून शिवून आणला होता तो तिने वखारीच्या ट्रंकेत तळाशी घातला. तो वर काढायला मला पत्नीची मदत घ्यावी लागली, आणि त्या निमित्ताने आम्हा दोघांना माजघरात पाच मिनिटे एकत्र उभे राहता आले. एरवी वडिलधाऱ्यांच्या त्या वाड्यात दिवसा एकमेकांशी बोलण्याची आमची वहिवाटच नव्हती.

तिने कंपनीच्या पत्रकातून एक गोष्ट हेरली होती. वाटेतल्या बंदरांवर, कंपनीच्या अडत्याच्या पत्त्यावर, प्रवाशांस पत्रे मिळू शकत. विमानाने टाकलेले पत्र बोटीच्या आधी एडनला पोचते, हे तिने पोस्टमास्तरांना विचारून पक्के केले, आणि पत्ता इंग्रजीत कसा लिहावा याची पाटीवर तालीम केली. निघण्याच्या आदल्या रात्री पाणी प्यायला मी स्वयंपाकघरात गेलो, तो चुलीच्या कट्ट्याशी बसून ती काही लिहीत होती. मला पाहताच तिने कागदावर पदर ओढला.

"कुणाला?" मी विचारले.

"तुम्हालाच."

"मग दे की."

"आत्ता नाही," ती म्हणाली. "एडनला मिळेल."

मी दारात तसाच उभा राहिलो. त्या पत्रातला मनुष्य समुद्रावर कुठेतरी होता, त्याला ती काही सांगत होती, आणि ते ऐकण्याचा मला अधिकार नव्हता. नानांचा मसुदा आणि शेजाऱ्यांचे शास्त्र यांनी जे मला पटवून दिले नव्हते ते तिने दोन शब्दांत पटवले. मी पाणी न पिताच वर गेलो.

दुसरे दिवशी, पाचाची मुदत संपण्याच्या आत, शेजारच्या घरातून पुरचुंडे उचलले आणि नियमाप्रमाणे घरात पुन्हा न येता तसाच एस. टी. च्या तळावर गेलो. बायका दाराशीच थांबल्या. कंडक्टरने दोन ट्रंका आणि वळकटी पाहून सामानाचा आकार मागितला; भावाने पैसे काढले, कंडक्टरने ते खिशात घातले, आणि गाडी हलणार एवढ्यात नाना पायरीशी येऊन उभे राहिले. पावती फाडल्याशिवाय गाडी सुटणार नाही, असे त्यांनी कचेरीतल्या जुन्या आवाजात सांगितले. उतारू कुरकुरू लागले. कंडक्टरने वही काढली, पेन्सिलीला थुंकी लावली, दोनदा आकडा चुकवला. नानांनी पावती वाचली, तारीख तपासली, चौघडी घातली आणि खिडकीतून माझ्या हाती दिली. "दप्तरात लाव," ते म्हणाले, "शेवटचा अनुक्रमांक एकवीस आहे. ही बावीस."