चाखून पळय!

वस्तू चांगली असली की ती आपोआप खपते, तिच्याविषयी बोलावे लागणे हेच तिच्या कमअस्सलपणाचे लक्षण होय, अशी आमची पुष्कळ दिवसांची समजूत होती. कला शाखेची पदवी घेतलेल्या मनुष्यास बाजाराविषयी जितकी तुच्छता वाटावी, तितकी आम्हांसही वाटत असे. ही समजूत आमच्याच एका माजी विद्यार्थ्यामुळे गेल्या उन्हाळ्यात दूर झाली.

हा मुलगा संगणकावरील खेळ तयार करतो; कोणत्याही मोठ्या कंपनीच्या आश्रयावाचून, अगदी एकट्याने. अशा एकांड्या शिलेदारांची उदाहरणे जगात थोडी नाहीत. अमेरिकेतील एरिक बॅरोन ह्या तरुणाने चित्रे, संगीत आणि कथा सारे स्वतःच रचून, चार वर्षांहून अधिक काळ परिश्रम करून, २०१६ साली ‘स्टारड्यू व्हॅली’ हा शेतीचा खेळ प्रसिद्ध केला आणि तो जगभर गेला. आमच्या विद्यार्थ्याचा खेळ आहे फेरीबोटीचा. त्याचे वडील मांडवीवरील फेरीबोटीवर नोकरीस आहेत. दोन वर्षे रात्री जागून मुलगा काय करतो हे त्यांना उमगत नव्हते. त्यांनी मुदत घातली होती की, मिरगापर्यंत खेळ खपला नाही, तर मिळेल ती नोकरी धरावयाची.

खेळ पुरा झाला आणि इंटरनेटवर विक्रीचे पान मांडण्याची वेळ आली, तेव्हा तो आमच्याकडे आला. “सर, मजकूर तुम्हीच लिहा,” तो म्हणाला. आम्ही लिहिला. आरंभ असा होता: ‘अनादि कालापासून मानव आणि जल यांचे अतूट नाते आहे.’ त्यानंतर तीन परिच्छेद निसर्गवर्णन. वरती सूर्यास्ताचे सुंदर चित्र, आणि सर्वांत खाली किंमत, तीही डॉलरांत. एक महिना लोटला. ओळखीच्या दोघांवाचून खेळ कोणीही घेतला नाही.

त्याच सुमारास एका शुक्रवारी आम्ही म्हापशाच्या बाजारात गेलो होतो. पर्ऱ्याची कलिंगडे मांडून बसलेल्या एका म्हातारीने आम्ही थबकताच सुरी उचलली, लाल फाक कापून आमच्या हातावर ठेवली, भाव सांगितला आणि म्हणाली, “चाखून पळय रे पुता, मागीर पयशे दी.” कलिंगडाच्या पूर्वेतिहासाविषयी तिने अवाक्षर काढले नाही. आम्ही कलिंगड घेऊन घरी आलो, पण मनातून ओशाळून.

त्या रात्री आम्ही परके गिऱ्हाईक होऊन ते पान उघडले आणि खेळ विकत घ्यावयास बसलो. सूर्यास्त पाहिला; परंतु येथे खेळावयाचे काय, ते समजेना. खेळ कोणत्या संगणकावर चालेल, याचा उल्लेख नव्हता. विकत घेण्याचे बटण शोधण्यास पान तळापर्यंत सरकवावे लागले. ते दाबताच नाव, पत्ता, जन्मतारीख आणि परवलीचा शब्द यांची मागणी झाली. पैसे भरल्यावर खेळ कोणत्या मार्गाने हाती येणार, हेही कोठे सांगितलेले नव्हते. खुद्द आमच्याच विद्यार्थ्याचा खेळ, आणि तोही आम्ही अर्ध्यावर टाकून उठलो!

दुसऱ्या दिवशी दोघांनी मिळून पान नव्याने मांडले. सूर्यास्त गेला, त्या जागी पावसात हेलकावणाऱ्या बोटीचे, खेळ चालू असतानाचे चित्र आले. आमच्या तीन परिच्छेदांऐवजी एक वाक्य राहिले: ‘ओहोटी लागण्यापूर्वी सर्वांना पैलतीरी पोचवा.’ त्याच्या शेजारीच रुपयांत किंमत आणि बटण. नावाचा आणि पत्त्याचा हट्ट सोडून केवळ ईमेल मागितला, कारण खेळाचा दुवा तेथेच जावयाचा होता. आणि पहिल्या तीन फेऱ्या विनामूल्य ठेवल्या. ही युक्ती नवी नव्हे. १९९३ साली ‘डूम’ हा खेळ निघाला, तेव्हा त्याच्या तीन भागांपैकी पहिला भाग फुकट वाटला होता आणि उरलेले दोन पैसे धाडून मागवावे लागत. ‘स्टीम’ ह्या मोठ्या पेठेतही, खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळून झाले असल्यास, पैसे परत मागता येतात. कलिंगडवालीची फाक ती हीच.

मिरग जवळ येत चालला, तसा मुलाचा धीर सुटू लागला. “सर, ‘सवलत आज रात्रीपर्यंतच’ असे रोज लिहूया का? पुष्कळ जण लिहितात.” आम्ही क्षणभर गप्प राहिलो, कारण मोह आम्हांसही पडला होता. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये अशा १३ फसव्या क्लृप्त्यांना मनाई केली असून खोटी घाई त्यांतच मोडते, हे आम्ही त्यास सांगितले. परंतु खरे कारण निराळे होते. आठवड्याच्या आठवड्यास त्याच जागी बसणारी ती म्हातारी उद्याचे गिऱ्हाईक आज गमावीत नाही.

खेळ मोठासा खपला असे आम्ही म्हणणार नाही. परंतु अनोळखी माणसांच्या मागण्या येऊ लागल्या, हे खरे. मिरगाच्या आदल्या दिवशी वडिलांनी बोटीवर उभ्या उभ्या भ्रमणध्वनीवर ते पान पाहिले आणि विनामूल्य फेऱ्या खेळून काढल्या. एका फेरीत त्यांची बोट रेतीत रुतली. मग मुलाकडे वळून ते म्हणाले, “आतां कळ्ळें, दोन वर्सां तूं कितें करतालो तें.” आणखी एक वर्षाची मुदत त्यास मिळाली आहे.

आमच्या वर्गातील मुलांनी मात्र एक फरक ध्यानात घेतला असेल. पूर्वी ‘अनादि कालापासून’ने सुरू होणाऱ्या निबंधास आम्ही हमखास चांगले गुण देत असू. हल्ली त्या पहिल्या परिच्छेदावर तांबडी रेघ येते आणि समासात दोनच शब्द असतात: ‘फाक दाखव.’