जाळी पडली का?

रंगाला दिलेली फियाट तीन आठवड्यांनी घरी आली तेव्हा तिला तोंडच नव्हतं. दोन्ही दिवे जागेवर, बंपर जागेवर, बॉनेटचा नवा पांढरा रंग उन्हात डोळे दिपवणारा. आणि दिव्यांच्या मधोमध, जिथे ग्रिल असायचं, तिथे नुसती काळी पोकळी. आतला रेडिएटर उघडा पडला होता. त्याच्या बारीक पात्या बरगड्यांसारख्या दिसत होत्या. गॅरेजवाल्याला फोन केला. "ग्रिल आधीपासून नव्हतंच," तो म्हणाला. चाळीस वर्षं बाबा दर रविवारी जे फडक्यानं पुसत आले, ते म्हणे नव्हतंच. बाबा भांडले नाहीत. पायरीवर बसून बराच वेळ गाडीकडे बघत राहिले. त्यांनी आरडाओरडा केला असता तर मला कमी वाईट वाटलं असतं.

कागदोपत्री ती प्रीमियर पद्मिनी, 1984ची. पण आमच्या साताऱ्यात काय, मुंबईत काय, पद्मिनीला पद्मिनी फारसं कुणी म्हटलं नाही, ती फियाटच. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. पुढे इटलीच्या फियाटशी करार होऊन कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट गाड्या बनू लागल्या आणि 1974 पासून त्या गाडीला पद्मिनी हे नाव लागलं. 1089 सीसीचं इंजिन, स्टेअरिंगच्या खाली गिअरचा दांडा, पुढे सलग बाक. त्या बाकावर आई-बाबांच्या मधे बसून मी बालवाडीत गेले आहे. 2000च्या सुमारास ती बनायची थांबली. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023च्या अखेरीस रस्त्यावरून उतरली, तेव्हा बाबांनी ती बातमी कापून गाडीच्या कागदांच्या पिशवीत घातली. अजून तिथेच आहे.

बंद पडलेल्या गाडीचं ग्रिल दुकानात मिळत नाही. जुन्या बाजारात एक दिसलं, दात पडलेलं, गंजलेलं, आणि किंमत ऐकून बाबांनी ते हळूच खाली ठेवलं. घरी येताना मी म्हटलं, "बाबा, मी करते. जाळीचं. घरीच." त्यांनी नाही म्हटलं नाही. एवढंच म्हणाले, "कर. पण आधी तिच्या श्वासाचं बघ. दिसण्याचं नंतर."

श्वास हा त्यांचा शब्द, आणि तो अगदी नेमका आहे. पेट्रोल जळून जी उष्णता होते, तिचा ढोबळमानाने तिसरा हिस्साच चाकांच्या कामी येतो. एक हिस्सा धुराबरोबर जातो आणि उरलेला पाण्यातून रेडिएटरमध्ये येतो. तो समोरून येणाऱ्या वाऱ्यानं उचलून न्यायचा असतो. पद्मिनीचा पंखा इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरतो. चढावर गाडी रेंगाळते, समोरचा वारा पडतो, इंजिन मात्र पुरतं राबत असतं. आमच्या लहानपणी पुण्याहून येताना खंबाटकीच्या चढावर बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्यांची रांग ठरलेली असायची. बाबा आम्हाला लांब दगडावर बसवायचे, अर्धा तास थांबायचे, मग ओलं फडकं टाकून रेडिएटरचं झाकण थोडंथोडं सैल करायचे. ती फुसफुसणारी वाफ मला आजही ऐकू येते. त्यामुळे मी जाळी निवडायला निघाले ती डोक्यात खंबाटकी घेऊन.

दुकानात जाळ्यांचे रोल भिंतीला टेकून उभे होते. सगळ्यात देखणा होता गोल भोकांचा पत्रा: पाच मिलिमीटरचं भोक, दोन भोकांच्या मध्यांत आठ मिलिमीटरचं अंतर, मधमाशांच्या पोळ्यासारखी मांडणी. पण हिशेब केला तर त्यात मोकळी जागा जेमतेम 35 टक्के. म्हणजे पुढचं दोन-तृतीयांश दार बंदच. खिडकीला लावतो ती डासांची जाळी कागदावर बरी दिसते, पण तिच्या मिलिमीटरभर भोकांतून वारा ओढावा लागतो, आणि आमच्याकडची लाल धूळ, किडे, पावसाचं पाणी यांनी ती महिन्याभरात बुजते. तारेच्या विणलेल्या चौकोनी जाळीत, तार दीड मिलिमीटरची आणि भोक दहाचं घेतलं, तर मोकळी जागा 75 टक्क्यांच्या वर जाते. कुणीही घरी काढावा असा हा हिशेब आहे: भोकाच्या मापाला भोक अधिक तारेच्या मापानं भागायचं आणि उत्तराचा वर्ग करायचा. जाळी विकत घेताना आपण तारेकडे बघतो. मी त्या दिवशी पहिल्यांदा भोकांकडे बघून जाळी घेतली.

घेतली ती शेवटी डायमंड जाळी, ॲल्युमिनियमची, मोठ्या डोळ्याची. ही जाळी विणलेली नसते, जोडलेलीही नसते. अखंड पत्र्याला एकाआड एक चिरा पाडून तो ताणतात. प्रत्येक चीर उघडून शंकरपाळ्याच्या आकाराचा डोळा होतो. जॉन फ्रेंच गोल्डिंग यांनी 1884 साली या रीतीचं पेटंट घेतलं. एक कणही पत्रा वाया जात नाही, आणि कुठे सांधा नसल्यानं एक काडी तुटली तरी बाकीची उसवत नाही. हातात घेऊन तिरप्या उन्हात धरली तर कळतं, की तिच्या काड्या सपाट नसतात, झडपेच्या पट्ट्यांसारख्या कललेल्या असतात. एका बाजूनं बघितलं तर आरपार दिसतं, दुसरीकडून बघितलं तर जाळी मिटल्यासारखी होते. म्हणूनच दोन तुकडे जोडायचे झाले तर दोन्हींचा कल एकीकडेच हवा. एक उलटा बसला तर अर्धं तोंड उजळ आणि अर्धं काळं दिसतं. मी अख्खा एकच तुकडा घेतला.

ग्रिलपुढे जाळी ही काही आजची हौस नव्हे. 1920च्या दशकात फ्रान्समधल्या ल मांच्या चोवीस तासांच्या शर्यतीत बेंटलीच्या गाड्या रेडिएटरपुढे तारेची जाळी बांधून धावत. रस्ते खडीचे, पुढच्या गाडीच्या चाकाखालून उडालेला एक खडा रेडिएटरला लागला की पाणी गळून शर्यत तिथेच संपायची. पुढे ती जाळी दिमाखाची खूण झाली. मुळात ती ढाल होती.

आधी पुठ्ठा. आंब्याच्या दोन पेट्यांचे पुठ्ठे चिकटवून मीटरभर रुंद, वीतभर उंच तुकडा केला आणि गाडीच्या तोंडाला लावला. वाटलं होतं, सरळ आयत आहे, दहा मिनिटांचं काम. पण दिव्यांपाशी कडा वळतात, आणि डावी वळते तशी उजवी वळत नाही. चाळीस वर्षांत कुठे ठोकर लागली असेल, कुठे रंगाचे थर चढले असतील. चार वेळा कापला, तीन वेळा चिकटपट्टी लावून वाढवला. बाबा समोर बसून सांगत होते, "डावीकडे सुतभर जास्त आहे." सुतभर म्हणजे इंचाचा आठवा भाग, बाबांच्या नजरेला तेवढं दिसतं. दोन संध्याकाळी पुठ्ठ्यातच गेल्या. पुठ्ठा चुकला तर पुन्हा कापता येतो, म्हणून या कामात सगळ्यात जास्त वेळ मी त्यालाच दिला.

जाळी कापताना पत्राकातर जिथे चार काड्या एकत्र येतात त्या गाठीवर चालवायची. काडीच्या मध्यावर कापली तर उभी सुई राहते आणि ती कातडी फाडते. माझ्या तळहातावर अजून खूण आहे. हातमोजे घाला, डोळ्यांना चष्मा लावा. मग कडा वाकवायच्या, लाकडी ठोकळ्यावर धरून, लाकडी हातोडीनं, हळूहळू. इथे माझी चूक झाली. उजवा कोपरा थोडा जास्त वळला म्हणून मी तो उलटा वाकवला आणि पुन्हा आत घेतला. तीन काड्या कट्कन तुटल्या. ॲल्युमिनियम एकाच जागी मागेपुढे वाकवलं की कडक होतं आणि तुटतं, आणि ही जाळी तर आधीच ताणून केलेली. बाबांनी तुटका कोपरा बोटानं चाचपला. "चौकटीखाली जाईल तो," म्हणाले. गेला.

चौकटीसाठी स्लायडिंग खिडक्या करणाऱ्यांकडून सेक्शनचे उरलेले तुकडे आणले. त्यांच्या खाचेत जाळीची कड सरकवली आणि दर चार बोटांवर पॉप रिव्हेट मारली. गाडीचं अंग लोखंडी, जाळी ॲल्युमिनियमची. दोन्ही थेट टेकले आणि मधे पावसाचं पाणी राहिलं तर ॲल्युमिनियम पांढरं पडून खाल्लं जातं. म्हणून मधे सगळीकडे रबराची पट्टी. तिनं खडखडही थांबते. बंपरच्या पुढे लोखंडी नळ्यांचा गार्ड लावायचा सल्ला गल्लीत दोघांनी दिला. तो मी ऐकला नाही. केंद्र सरकारनं डिसेंबर 2017 मध्येच राज्यांना असे गार्ड लावणाऱ्यांवर कारवाई करायला सांगितलं आहे, आणि पायी जाणाऱ्या माणसाला धडकेत त्या नळ्यांनी जे होतं ते आठवलं तरी पुरे.

रंगाचा दिवस दिवाळीच्या चार दिवस आधी उजाडला. आत आई अनारसे तळत होती, बाहेर मी प्रायमर मारत होते. नुसत्या ॲल्युमिनियमवर रंग टिकत नाही. आधी बारीक पॉलिश पेपर, मग थिनरचं फडकं, मग धातू धरणारा प्रायमर, आणि त्यावर मंद काळ्या रंगाचे तीन पातळ हात. स्प्रेचा डबा वीतभर लांब धरायचा, आणि प्रत्येक हात वेगळ्या दिशेनं, कारण काड्यांना चार अंगं असतात. हात जड पडला की डोळ्याच्या कोपऱ्यात रंगाचा पडदा धरतो आणि वाळला की भोक बुजतं. तसे दोन पडदे धरले होते. ओले असतानाच टाचणीनं फोडले.

"जाळी पडली का गं?" आईनं आतून विचारलं.

मला वाटलं, ती मला विचारते आहे. ती काकूला विचारत होती, कढईतल्या अनारशाबद्दल. तीन दिवस भिजलेले तांदूळ, गूळ, मंद तूप. खसखशीची बाजू वर ठेवून, न उलटता, झाऱ्यानं वरून तूप सोडत तळायचं, तेव्हा अनारशाला जाळी पडते. आच जरा चुकली की अनारसा हसतो, तुपात विरघळून जातो. मी काळ्या हातांनी दारात उभी राहिले. आईनं एक अनारसा उजेडाकडे धरला होता आणि त्याच्या भोकांतून खिडकी दिसत होती. कासच्या वाटेवरच्या करवंदीलाही आपण जाळीच म्हणतो. त्या क्षणी मला हा शब्द फार आवडला.

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी ग्रिल बसलं. चार स्क्रू, मागे चार रबरी चकत्या. बाबांनी खिशातून तेच जुनं फडकं काढलं आणि पुसलं. काही बोलले नाहीत; त्यांनी पुसलं एवढं मला पुरेसं होतं. गाडी पूर्वीसारखी दिसत नाही, हे खरं आहे. तिचं तोंड आता गंभीर वाटतं.

भाऊबीज करून पुण्याहून परतताना खंबाटकी चढलो. दुपारी दोनचं ऊन, चार माणसं, मागे फराळाचे डबे. तापमानाचा काटा मध्याच्या किंचित वर गेला आणि तिथेच राहिला. बाबांनी माथ्यावर गाडी थांबवली, गरज म्हणून नव्हे, सवय म्हणून. जाळीत दोन वाळकी पानं आणि एक फुलपाखराचा पंख अडकला होता. रेडिएटर स्वच्छ होता.

आंब्याच्या पेट्यांचा तो पुठ्ठा मी ठेवून दिला आहे, दाराच्या मागे खिळ्याला लावून, डाव्या-उजव्या खुणांसकट. साताऱ्याच्या आसपास कुणाकडे तोंड गेलेली पद्मिनी उभी असेल तर येऊन आखून न्या. फक्त कडा तुमच्या गाडीवर पुन्हा मापून घ्या. सुतभर फरक निघेलच.